तळहातावरचा कापूर

टक्.

इस्त्री पुरेशी तापली की तिच्या आतली धातूची पट्टी वाकते, वीज तुटते आणि एवढाच आवाज होतो. भोपाळच्या बाग सेवनियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये डिसेंबरच्या त्या दुपारी दुसरा आवाजच नव्हता. खालच्या दुबेकाकूंचा टीव्हीसुद्धा बंद. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. इतकी शांतता चांगली नाही, हे चार वर्षांच्या मुलाच्या आईला कुणी सांगावं लागत नाही. हातातले कपडे तसेच घेऊन मी आत आले.

अदू खुर्चीवर उभा होता. टेबलावर मी इस्त्री उभी करून ठेवली होती, आणि तिच्या चकचकीत तळावर त्याने आपला उजवा तळहात टेकवला होता. मांजराच्या पाठीवर ठेवावा, तसा.

"आई," तो हसून म्हणाला, "मस्त गरम आहे गं."

मला दारातच वास आला होता. त्याला आला नव्हता. त्याला कुठलाच वास येत नाही, हेही आम्हाला नंतरच कळलं.

मी त्याचा हात ओढला तेव्हा थोडी कातडी इस्त्रीवर राहिली. मी किंचाळले. अदू आधी माझ्याकडे नुसता बघत राहिला, मग घाबरला, मग रडायला लागला. मी किंचाळले म्हणून.

त्याआधी काही दिसलं नव्हतं असं नाही. लस टोचताना तो नर्सच्या बांगड्यांशी खेळत राहायचा आणि नर्स म्हणायची, "शेर है आपका बेटा." दात येत होते तेव्हा स्वतःची जीभ चावून चावून त्याने रक्त काढलं होतं. पडला तर उठून पुन्हा पळायचा. आम्ही ते चारचौघांत मिरवलं. अमोल, माझा नवरा, मंडीदीपच्या कारखान्यात असतो, तो तिथल्या लोकांना सांगायचा, "हमारे यहाँ रोने का रिवाज नहीं है."

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी अदूच्या हाताला मलम लावलं आणि मग बराच वेळ त्याच्याशी खेळ खेळल्या. डोळे मिटायला लावून हाताला कोमट पाण्याची वाटी टेकवली. "गरम." गार वाटी टेकवली. "थंडा." कापूस फिरवला. "गुदगुल्या." मग सुई. अदू डोळे मिटून वाट बघत राहिला. "आता काय आहे?" त्यानेच विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला सगळं कळलं. म्हणजे कळायला नको होतं तितकं कळलं. कारण ऊब कशी कळते, हाच माझा विषय होता.

अदूच्या आधी मी शहराबाहेरच्या एका संस्थेत संशोधन करायचे. माझे उंदीर दोन पट्ट्यांवर फिरायचे. एक पट्टी त्यांच्या अंगाला सुखद, दुसरी जराशी जास्त गरम. उंदीर पाय उचलून थांबतो, विचार केल्यासारखा, आणि मग आपली बाजू निवडतो. तो थांबतो त्या क्षणात काय घडतं, ते आम्ही शोधत होतो. कातडीतल्या चेतातंतूंच्या टोकांवर बारीक बारीक दारं असतात, प्रथिनांची. आयन चॅनेल. ऊब आली की त्यातली काही उघडतात आणि बाहेरचे विद्युतभारित कण आत शिरतात. चटका बसण्याइतकी उष्णता आली की वेगळी दारं उघडतात. मिरचीही तेच दार उघडते, म्हणून तोंड भाजल्यासारखं होतं. पुदिन्याचं सत्त्व थंडीचं दार उघडतं. कापूर ऊबेचं. पेटवावा लागत नाही, नुसता चोळला तरी पुरतो. एखाद्या दाराची घडण बिघडवलेला उंदीर दोन पट्ट्यांच्या मध्ये गोंधळून उभा राहायचा. मला त्याची दया यायची, पण निष्कर्ष चांगला यायचा.

अदूची ही सगळी दारं धड आहेत. बिघाड पुढे आहे. टोकाशी दार उघडलं की जी कुजबुज होते, ती आरोळी करून वेदनेच्या तंतूवरून वर पाठवायची असते. त्या कामाला सोडियमचं एक वेगळं चॅनेल लागतं. त्याच्याकडे ते बनतच नाही. नाकातल्या तंतूंनाही तेच लागतं, म्हणून वास नाही. ऊबेचे तंतू निराळे, त्यांचं त्याच्यावाचून भागतं. म्हणून माझ्या मुलाला इस्त्री गरम आहे हे कळलं. 'आता पुरे' हे त्याला कुणी सांगितलं नाही. इस्त्रीत जी पट्टी असते, ती त्याच्यात नाही.

"दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच असं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं लग्न नात्यातलं आहे का?"

"नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो. गोत्रं वेगळी, पत्रिका जुळलेली, नाडीसुद्धा पाहिलेली.

"घरात कुणाला असं होतं? लहानपणी गेलेलं कुणी?"

मी तिथूनच, इस्पितळाच्या जिन्यावर बसून, पिपलानीला आईला फोन लावला. बाबा कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडून त्यांनी तिथेच जवळ छोटं घर घेतलं होतं. ते गेले, मग माझं लग्न झालं, तेव्हापासून आई एकटीच राहते. मी रडत रडत सगळं सांगितलं. आई ऐकत होती. शेवटी मी विचारलं, "आपल्याकडे कुणाला होतं का गं असं? आठव ना."

तिने फोन या कानावरून त्या कानाला घेतल्याची खरखर ऐकू आली. मला वाटलं, आठवतेय.

"नाही बाई," ती म्हणाली. "असलं काही ऐकलंसुद्धा नाही कधी."

* * *

त्यानंतर आमच्या घरात संध्याकाळची 'तपासणी' सुरू झाली. शुभंकरोतीच्या आधी. अदू पलंगावर बसतो आणि मी त्याला इंच इंच पाहते. तळहात, बोटं, नखं. कोपरं, गुडघे, तळपाय. "आ कर." जीभ, गाल आतून. डोळ्यांत बॅटरी. पोट दाबून बघायचं, अंगाला हात लावून ताप बघायचा. त्याला हे फार आवडतं. मग तो डॉक्टर होतो आणि माझं तपासतो. माझ्या बोटावर सुरीची चीर सापडली की त्याला आनंद होतो. "हे बघ! लागलंय! दुखतं का?" आणि मी 'हो' म्हटलं की मान हलवतो, एखाद्या अवघड गावाचं नाव ऐकल्यासारखी.

रडू म्हणजे कुठेतरी लागलेलं असतं आणि ते शोधायचं असतं, हा नियम मीच त्याला शिकवला. स्वतःच्या अंगाकडून त्याला तो कधीच कळणार नव्हता.

उन्हाळा संपता संपता संस्थेतून विचारणा आली. परत येणार का? जागा आहे. मी नाहीच म्हणणार होते. आईच म्हणाली, "जा तू. मी आहे ना."

"आई, एक मिनिट नजर हटवता येत नाही गं."

"तुला वाढवलं ना मी? नजर कशी ठेवायची ते मला शिकवू नकोस. त्याला कळत नसेल तर मला कळेल."

त्या वाक्यावर मी नोकरी धरली. सकाळी स्कूटरवरून अदूला पिपलानीला सोडायचं, संध्याकाळी आणायचं. आईने घर पार बदललं. गॅसपुढे लोखंडी जाळी, पाणी तापवायचा रॉड माळ्यावर, टेबलाच्या कोपऱ्यांना फोम. शेजारच्या बायकांना तिने बजावलं, याला गरम चहाच्या कपाजवळ येऊ द्यायचं नाही. जेवताना ती पहिला घास स्वतःच्या ओठांना लावून बघायची. मी ते पाहायचे आणि स्कूटर सुरू करताना मला हलकं वाटायचं. कितीतरी वर्षांनी मी उंदरांच्या पट्ट्यांसमोर बसून फक्त उंदरांचाच विचार करू शकत होते.

नवरात्र बसलं. उज्जैनहून इंदुमतीमावशी आईकडे राहायला आली. ती आईची मावशी, पण आम्ही सगळेच तिला मावशी म्हणतो. ऐंशीच्या पुढची, कानाने पक्की, जिभेने त्याहून पक्की. आल्या आल्या मला म्हणाली, "वाळलीस गं. उंदरांना घालतेस आणि स्वतः उपाशी राहतेस की काय?"

दुसऱ्या की तिसऱ्या माळेच्या संध्याकाळी तपासणीत मला अदूच्या डाव्या तळहातावर ठिपका दिसला. मधोमध, गोल, लालसर. कडा किंचित फुगलेल्या.

"हे काय रे?"

त्याने मूठ मिटली. "गंमत."

"कसली गंमत?"

"सांगायची नाही. आजीची आणि माझी."

मी आईला फोन केला. "अगं, खेळताना लागलं असेल," ती म्हणाली. "लाकडी गाडी घेऊन बसतो दिवसभर, तिचं चाक असेल." आवाज अगदी नेहमीचा. मी मलम लावलं. दोन दिवसांनी ठिपका मोठा झाला होता. त्याच जागी. भाजल्याशिवाय असं होत नाही, हे मला माहीत होतं. आणि आईच्या घरात ते होणार नाही, हेही मला माहीत होतं. दोन्ही एका वेळी खरं असू शकत नव्हतं. मी त्यातलं जे सोयीचं होतं ते धरून बसले नाही. अष्टमीला लवकर निघाले आणि फोन न करता पिपलानीला गेले.

* * *

ओसरीवर चपलांचा ढीग होता. आत आरती चालू होती. कॉलनीतल्या बायका हॉलभर बसलेल्या, टाळ्या, झांजा, आणि मावशीचा सगळ्यांच्या पुढे पळणारा आवाज. मी दारातच थांबले. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती.

आरती संपली. कर्पूरगौरं सुरू झालं तशा बायका एकदम पुढे सरकल्या, माना उंच करून. काहीतरी बघायला मिळणार आहे हे माहीत असल्यासारख्या. शेजारच्या मिश्राभाभींनी तर फोन वर धरला होता.

देवीसमोर अदू पाटावर उभा होता. नवा कुर्ता, कपाळावर कुंकू. आईने त्याचा डावा हात हातात घेतला, पदराने पुसला. डबीतून कापराची वडी काढून मधोमध ठेवली. निरांजनातली वात उचलून तिला लावली.

वडी पेटली. माझ्या मुलाच्या तळहातावर ज्योत उभी राहिली. तो हात सावकाश, गोल फिरवू लागला. पढवल्यासारखा. चेहऱ्यावर ते इस्त्रीपाशी पाहिलेलं हसू.

"देखो तो," कुणीतरी म्हणालं, "उफ़ तक नहीं करता."

"माताजी की कृपा है."

मी कुणाच्या मांडीवर, कुणाच्या हातावर पाय दिला ते आठवत नाही. मी त्याचा हात धरला आणि माझा तळहात त्या ज्योतीवर दाबला. विझली. माझ्या हाताने मला लगेच सांगितलं. एका क्षणात, कोपरापर्यंत, दातांपर्यंत. सगळी दारं उघडी, सगळ्या आरोळ्या पोचलेल्या. मी ओठ चावून उभी राहिले. अदू माझ्याकडे हिरमुसून बघत होता.

"आई, तू विझवलास. अजून एक राऊंड होता."

बायका उठल्या. प्रसादाची पाकिटं घेऊन, माझी नजर चुकवत, एकेक करून गेल्या. मिश्राभाभी फोन पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "बच्चे को कुछ हुआ थोड़े ही है, पल्लवी."

घरात आम्ही चौघंच उरलो. आई देवीपुढची फुलं सारखी करत बसली होती. खरं तर ती सारखीच होती.

मावशीला काही कळलं नव्हतं. "एवढं काय झालं गं?" ती आरामखुर्चीतून म्हणाली. "अशोक तर दोन-दोन वड्या घ्यायचा. हुबेहूब अशोकच आहे हा. तसंच कपाळ, तसंच हसणं. उज्जैनला अष्टमीला लोक यायचे बघायला. आणि ही सुहासच, तुझी आई, ठेवायची वडी त्याच्या हातावर, दुसऱ्या कुणाला ठेवू द्यायची नाही."

अशोकमामा. आईचा धाकटा भाऊ. आमच्या घरी त्याचा एकच फोटो आहे, अर्ध्या चड्डीतला. लहानपणी तापाने गेला, एवढंच मला माहीत होतं.

"मावशी, तू जरा आत पड," आई म्हणाली.

"पडते. माझं काय." पण ती उठली नाही.

"मावशी," मी विचारलं, "अशोकमामा कशाने गेला?"

"मावशी!" आई म्हणाली.

"अगं, आता लपवायचं काय त्यात? पन्नास वर्षं होत आली. पोटात आतडं फुटलं त्याचं. अपेंडिक्स. आदल्या दिवशी पतंग उडवत होता पोरगा, पोट दुखतं म्हणून चकार शब्द नाही. तापाने फणफणला तेव्हा नेला इंदूरला. तो डॉक्टर काय ओरडला आमच्यावर! हातावरचे डाग बघून म्हणाला, याला दुखणं कळत नाही, हे रक्तात असतं, पुढे आपल्या-आपल्यात मुली देऊ नका. आता आपली घरं ती किती? उज्जैनचे इंदूरला, इंदूरचे ग्वाल्हेरला, फिरून फिरून तेच." तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "तुझ्या सासूची आजी आणि माझी आई सख्ख्या बहिणी. आम्ही म्हटलं होतं सुहासला. ती म्हणाली, बायकांकडचं नातं, गोत्र वेगळं, चालतं."

अदू पाटावर बसून पेढा खात होता. पेढ्याचा त्याला गोडवा कळतो. वेलची कळत नाही.

आई उठली, माझं मनगट धरलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं. नळ सोडला आणि माझा भाजलेला हात धारेखाली धरला. लहानपणी धरायची तसा, स्वतःची बाही भिजू देत. मी हात सोडवून घेतला नाही. घ्यायला हवा होता. पण गार पाण्याने बरं वाटत होतं.

"माझं भाजलं की तुला लगेच कळतं," मी म्हणाले.

तिने नळ आणखी सोडला.

"मी इस्पितळाच्या जिन्यावरून तुला फोन केला होता, आई. विचारलं होतं."

"हो."

"तू म्हणालीस, ऐकलंसुद्धा नाही."

"काय सांगणार होते?" तिचा आवाज नळाच्या आवाजाखाली होता. "की मला माहीत होतं, तरी तुला दिली? तुझे बाबा नुकते गेले होते. तुझी सासू सुधा जिवंत होती तेव्हा, तिने मागणी घातली. चांगला मुलगा, भोपाळातच राहणार. बाहेर सांगितलं असतं की मामा असा होता, तर कुणी केलं असतं तुला? लांब कुठेतरी गेली असतीस. मी म्हटलं, दहा घरांत एखाद्याला होतं. आपल्यालाच कशाला होईल?"

"आणि झाल्यावर?"

पाणी वाहत होतं.

"झाल्यावर, आई? मी तुला काय काय समजावलं. चॅनेल काय असतं ते चित्र काढून दाखवलं. तू विचारलंस, म्हणजे मिरची पण तेच करते का गं? तू माझ्यासमोर शिकल्यासारखं केलंस. आणि मी निघून गेल्यावर त्याच्या हातावर कापूर लावलास."

"रोज नाही."

"रोज नाही!"

"एकदाच करायचं होतं मला. पहिल्या माळेला तो आपणहून हात पुढे करून म्हणाला, आजी, मला दे, गरम गरम. अगदी तस्साच गं, पल्लवी. तोच हात." ती आता माझ्या हाताकडे बघत बोलत होती. "तो आजार होता असं म्हटलं, तर मग मी त्याला काय केलं होतं? चौदा वर्षांची होते. वडी मी ठेवायचे. तो हसायचा, म्हणून मी दुसरी ठेवायचे. तो गेला तेव्हा आई म्हणाली, देवीने दिला, देवीने नेला, याच्यापुढे कुणी काही बोलायचं नाही. मी नाही बोलले. एवढी वर्षं नाही बोलले."

मला तिची दया आली. ती मला यायला नको होती. चौदा वर्षांची परकर-पोलक्यातली मुलगी, हातात कापराची डबी, आणि समोर हसणारा भाऊ. मला ती स्पष्ट दिसली. पण तिच्या मागे मला जिन्यावर बसलेली मीही दिसत होते, फोन कानाला लावून, 'आठव ना' म्हणणारी.

"तू त्याला माझ्याकडून मागून घेतलंस," मी म्हणाले. "'त्याला कळत नसेल तर मला कळेल,' म्हणालीस."

"कळतं मला. ज्योत खाली येईपर्यंत मी ठेवत नाही. फुंकर घालते."

"त्याचा डाग बघ जाऊन."

"पहिल्यांदा जरा जास्त वेळ…" ती थांबली.

मी नळ बंद केला. माझ्या हाताला फोड धरायला लागला होता. ती सवयीने फळीवरची मधाची बाटली काढायला गेली, आणि मी म्हणाले, "राहू दे."

"उद्या नवमी आहे. सकाळी आणशील ना त्याला?"

खरंच तिने विचारलं ते. बाटली हातात धरून, साध्या आवाजात, जणू आम्ही भाजीबद्दल बोलत होतो. तिला उत्तर माहीत होतं. तरी विचारलं.

"उद्या नाही," मी म्हणाले. "परवाही नाही. तू ये आमच्याकडे, अमोल असेल तेव्हा. माझ्यासमोर. एकटीकडे नाही ठेवणार मी त्याला."

"आणि तुझं काम?"

ती दोन पट्ट्यांमधली जागा होती, आणि पाय उचलून थांबायलाही मला वेळ नव्हता.

बाहेर मावशी अदूला विचारत होती, "काय रे शूरवीरा, भाजलं नाही ना?"

"नाही," तो म्हणाला. "मला येतच नाही ते."

मी त्याला चपला घातल्या. आई ओसरीवर आली, पदर तोंडाला लावून. अदू थबकला. तिच्याकडे बघत राहिला.

"आजीची तपासणी?" त्याने मला विचारलं.

"नंतर," मी म्हणाले.

* * *

भाजलेल्या हाताने स्कूटर चालवता येईना. ती आईच्या फाटकातच ठेवली आणि रिक्षा केली. बाहेर उजेड उतरत होता. चौकाचौकात देवीचे मंडप, लाऊडस्पीकर, रंगीत झालरी. अदू कडेला बसला होता. प्रत्येक मंडपाला नमस्कार करत होता आणि नमस्कारासाठी हात जोडले की डावा तळहात जरा वेगळा धरत होता. दुखतो म्हणून नव्हे. मी पट्टी बांधली होती आणि ती सुटू नये म्हणून.

अमोलला फोन करायचा होता. काय सांगायचं ते जुळेना. तुझ्या पणजीची आई आणि माझ्या पणजीची आई एकच, एवढं एक वाक्य पुरलं असतं. त्यानंतरचं पुरलं नसतं. आपल्या मुलाला हे आपण दोघांनी दिलं, यावर मी इतके महिने रडले होते. आता कळत होतं की कुणीतरी ते आधी हातात घेऊन बघितलं होतं, वजन केलं होतं, आणि मग आमच्या हातात ठेवलं होतं. दुसऱ्या वडीसारखं.

फोन मांडीवर ठेवला. अंधुक झालेला रस्ता पुसायला चष्मा काढला, पण चष्मा स्वच्छ होता.

"आई?"

"हं."

"तू रडतेयस."

"धूळ आहे रे."

त्याने बाहेर बघणं सोडलं. सीटवर गुडघे टेकून माझ्याकडे वळला. मोठ्या डॉक्टरसारखा गंभीर चेहरा करून.

"तपासणी," तो म्हणाला. "हात."

मी हात पुढे केले. आधी डावा. उलटा, सुलटा. बोटं एकेक. मग उजवा. तळहातावरचा फोड बघून त्याच्या भुवया वर गेल्या. "सापडलं!" त्याने त्यावर फुंकर घातली, आजी घालते तशी लांब, ओठांचा चंबू करून. "दुखतं?"

"हो."

"आता?"

"आता कमी झालं."

तो थांबला. माझ्या डोळ्यांकडे बघत वाट पाहू लागला. त्यातलं पाणी थांबत नव्हतं.

मग त्याने कोपरं पाहिली. माझी ओढणी बाजूला करून मान पाहिली. रिक्षा खड्ड्यातून गेली तसा माझा खांदा धरला. "आ कर." मी आ केला. जीभ, गाल आतून. डोळ्यांत बॅटरी म्हणून स्वतःचं बोट धरलं. पोट दाबलं. कपाळाला हात लावला. त्याचा हात, ज्याला ऊब नेमकी कळते.

"ताप नाही," तो म्हणाला.

त्याने पुन्हा एकदा सुरुवातीपासून पाहिलं, काही राहिलं का म्हणून. मग पट्टी बांधलेला हात माझ्या गालावर ठेवून, अगदी हळू आवाजात विचारलं,

"आई, हाताचं तर कमी झालं ना? मग दुसरं कुठे लागलंय?"